विश्लेषण : सॉफ्टवेअरचा ‘तयार डबा’ सोयीचा; पण आत काय आहे, हे कोण सांगणार?

११ आणि १२ डिसेंबर २०२१. शनिवार-रविवार असूनही जगभरातील बँका, सरकारी खाती आणि आयटी कंपन्यांमधील तंत्रज्ञ संगणकासमोर बसून होते. त्यांच्यापुढचा प्रश्न वरकरणी साधा होता : ‘लॉगफोरजे’ नावाचा एक छोटा मुक्तस्रोत घटक आपल्या यंत्रणांमध्ये आहे का, आणि असल्यास नेमका कुठे? अनेकांना त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. घटक अनोळखी होता म्हणून नव्हे, तर तो ज्या बांधणीतून त्यांच्यापर्यंत आला होता, त्या बांधणीमुळे. जावा भाषेतील मुक्तस्रोत घटक एकत्र बांधून ‘एकच फाइल, एकच आज्ञा’ इतके सोपे करण्याची पद्धत गेल्या वीस वर्षांत रुळली. त्या सोयीची दुसरी बाजू त्या आठवड्यात सगळ्यांसमोर आली.

डिसेंबर २०२१मध्ये नेमके काय घडले?

कोणताही मोठा प्रोग्राम चालू असताना स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. कोणी लॉगिन केले, कोणती विनंती आली, कुठे चूक झाली याच्या नोंदी तो एका फाइलमध्ये टाकतो. यालाच ‘लॉग’ म्हणतात. जावामध्ये हे काम करणारा सर्वात प्रचलित घटक म्हणजे अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली स्वयंसेवकांनी सांभाळलेला ‘लॉगफोरजे’. त्यात २०१३मध्ये एक सुविधा आली. नोंदीच्या मजकुरात डॉलरचे चिन्ह, महिरपी कंस आणि त्यात ‘जेएनडीआय’ हा शब्द व एक पत्ता असेल, तर लॉगफोरजे तो मजकूर जसाच्या तसा लिहीत नसे. त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणत असे.

इथेच गफलत होती. नोंदीतला मजकूर बऱ्याचदा बाहेरच्या माणसाने टाइप केलेला असतो. तो वापरकर्त्याचे नाव असेल, शोधाचा शब्द असेल किंवा खेळातल्या गप्पांची ओळ असेल. हल्लेखोराने तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला, तर समोरची यंत्रणा त्या सर्व्हरवरून त्याचा प्रोग्राम आणून चालवू शकत होती. ‘माइनक्राफ्ट’ या लोकप्रिय खेळाच्या जावा आवृत्तीत तर चॅटच्या खिडकीत एक ओळ टाइप करणे पुरेसे ठरत होते. अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकातील एका संशोधकाने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अपाचेला ही त्रुटी कळवली. ९ डिसेंबरला ती जगजाहीर झाली. तीव्रतेच्या मापनात तिला १० पैकी १० गुण मिळाले. तिचे अधिकृत नाव ‘सीव्हीई-२०२१-४४२२८’. पण ती ओळखली जाते ‘लॉगफोरशेल’ म्हणून. भारताच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही त्याच महिन्यात इशारा दिला.

दुरुस्त आवृत्ती लगेच उपलब्ध झाली होती. तरीही गोंधळ कित्येक महिने चालला. याचे कारण समजण्यासाठी जावा प्रोग्राम बांधला कसा जातो, हे पाहावे लागेल.

‘जार’ म्हणजे काय?

सन मायक्रोसिस्टम्सने १९९५मध्ये जावा भाषा बाजारात आणली. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ हे तिचे आश्वासन होते. जावात लिहिलेला प्रोग्राम थेट विंडोज किंवा लिनक्सच्या भाषेत उतरत नाही. तो ‘बाइटकोड’ नावाच्या मधल्या रूपात साठवला जातो आणि प्रत्येक संगणकावरील ‘जावा व्हर्च्युअल मशीन’ तो चालवते. एका प्रोग्रामच्या अशा शेकडो-हजारो छोट्या फाइल होतात. त्या सुट्या पाठवणे अडचणीचे, म्हणून १९९७च्या आवृत्तीपासून ‘जार’ ही फाइल आली.

जार म्हणजे मुळात एक झिप फाइलच. आत बाइटकोडच्या फाइल आणि सोबत एक छोटे माहितीपत्रक. वेब प्रोग्रामसाठी याच धर्तीवर ‘वॉर’ नावाची फाइल आली, जिच्या पोटात आणखी जार ठेवता येतात. म्हणजे डब्यात डबा ठेवण्याची सोय जावाच्या जडणघडणीत सुरुवातीपासूनच होती.

मुक्तस्रोत घटकांवर इतकी भिस्त का?

एखाद्या बँकेला कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम हवा आहे, असे समजा. हिशेबाचे नियम त्या बँकेचे. पण डेटाबेसशी बोलणे, पीडीएफ तयार करणे, ईमेल पाठवणे, ब्राउझरला उत्तर देणे आणि लॉग लिहिणे ही कामे जगातल्या प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती दरवेळी नव्याने लिहिण्यात अर्थ नसतो. त्यासाठी तयार घटक आहेत, त्यांचा मूळ कोड खुला आहे आणि ते परवान्याच्या अटी पाळून विनामूल्य वापरता येतात. वेब विनंत्या हाताळणारा ‘टॉमकॅट’ हा त्यांतलाच. तो मूळचा सन कंपनीतला. १९९९मध्ये अपाचेकडे सुपूर्द झाला. पुढे २००६मध्ये सनने खुद्द जावाही मुक्तस्रोत करण्याचे जाहीर केले.

अडचण अशी, की हे घटक एकेकटे येत नाहीत. पीडीएफचा घटक फॉन्ट वाचणाऱ्या घटकावर विसंबतो, तो लॉग लिहिणाऱ्यावर. आपण दहा घटक निवडले, तरी प्रत्यक्षात शंभर येतात. शिवाय दोन घटकांना तिसऱ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असू शकतात. जावा त्यांतली यादीत आधी सापडेल ती उचलते. ती चुकीची निघाली, तर प्रोग्राम सुरू होतो, चार तास नीट चालतो आणि मग ‘अशी पद्धत सापडली नाही’ म्हणत कोसळतो. जावा प्रोग्रामर या जाचाला ‘जार हेल’, म्हणजे जारचा नरक म्हणतात.

मेव्हनने काय बदलले?

पूर्वी प्रोग्रामर प्रत्येक घटकाच्या संकेतस्थळावर जाऊन जार उतरवून घेत आणि प्रकल्पाच्या ‘लिब’ या फोल्डरमध्ये टाकत. कोणती आवृत्ती कुठून आणली, याची नोंद अनेकदा कोणाच्या तरी डोक्यातच असे. २००४मध्ये अपाचेच्या ‘मेव्हन’ची पहिली पक्की आवृत्ती आली आणि या कामाला शिस्त लागली.

मेव्हनने प्रत्येक घटकाला पत्ता दिला. निर्माता कोण, घटकाचे नाव काय आणि आवृत्ती कोणती, या तीन गोष्टी मिळून तो पत्ता होतो. प्रकल्पात एक यादी लिहायची. बाकीचे मेव्हन ‘मेव्हन सेंट्रल’ या सार्वजनिक कोठारातून आणतो. २००५च्या दुसऱ्या पिढीपासून तो घटकांना लागणारे घटक, त्यांना लागणारे घटक असे खाली खाली जात सगळे गोळा करू लागला. कोठाराचा नियमही कडक आहे : एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलता येत नाही आणि सहसा काढताही येत नाही. त्यामुळे आज बांधलेला प्रकल्प पाच वर्षांनीही त्याच घटकांतून बांधता येतो.

दोन आवृत्त्यांमध्ये तंटा झाला तर? मेव्हन आपल्या यादीला ‘जवळची’ आवृत्ती निवडतो, म्हणजे साखळीत कमी पायऱ्यांवर असलेली. नंतर आलेले ‘ग्रेडल’ हे साधन सहसा सर्वात नवी आवृत्ती घेते. म्हणजे साधन बदलले, तर त्याच यादीतून वेगळा घटकसंच तयार होऊ शकतो. घटक आणण्याचे कष्ट संपले. पण आपण काय काय आणले, हे पाहण्याची सवयही त्याबरोबर सुटत गेली.

‘एकच फाइल, एकच आज्ञा’ कशी शक्य झाली?

घटक गोळा झाले, तरी प्रोग्राम सर्व्हरवर बसवणे हे वेगळेच काम असे. सर्व्हरवर आधी जावा, मग टॉमकॅटसारखा ॲप्लिकेशन सर्व्हर, मग त्याची जुळवणी आणि शेवटी आपली वॉर फाइल. प्रोग्राम लिहिणारे एका खात्यात, सर्व्हर सांभाळणारे दुसऱ्या खात्यात. ‘माझ्या मशीनवर तर चालतो’ हे वाक्य प्रत्येक आयटी कार्यालयात ऐकू येई.

एप्रिल २०१४मध्ये ‘स्प्रिंग बूट’ची पहिली आवृत्ती आली आणि क्रम उलटा झाला. प्रोग्राम सर्व्हरमध्ये ठेवण्याऐवजी सर्व्हरच प्रोग्रामच्या पोटात गेला. टॉमकॅट आणि सगळे घटक एका मोठ्या जारमध्ये बांधले जातात आणि ‘जावा-जार’ या एका आज्ञेने सगळे सुरू होते. अशा फाइलला ‘फॅट जार’ म्हणतात. बांधणीची आणखी एक पद्धत आहे, ‘शेडिंग’. तिच्यात घटकांचे डबे वेगळे ठेवत नाहीत. सगळे फोडून एकाच डब्यात ओततात आणि आवृत्त्यांचा तंटा टाळण्यासाठी आतल्या फाइलची नावेही बदलतात.

२०१३मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने याच्या पुढची पायरी गाठली. जार, ती चालवणारी जावा आणि खालच्या लिनक्सच्या आवश्यक फाइल, असे सगळे एका ‘इमेज’मध्ये बंद होऊ लागले. जावानेही स्वतःची साधने दिली. २०१७च्या नवव्या आवृत्तीतील ‘जेलिंक’ने प्रोग्रामपुरती छाटलेली जावा बनवता येते. २०२१च्या सोळाव्या आवृत्तीत पक्क्या झालेल्या ‘जेपॅकेज’ने विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर नेहमीसारखा बसवता येणारा प्रोग्राम तयार होतो; वापरणाऱ्याला वेगळी जावा घ्यावी लागत नाही.

हा फायदा खरा आहे. चाचणीत जे चालले, तेच जसेच्या तसे सर्व्हरवर जाते. दिवसांचे काम मिनिटांवर येते. लहान संस्थेलाही मोठी यंत्रणा उभारता येते. तयार भाजणीचे पाकीट आणावे, पाणी घालावे आणि थालीपीठ थापावे, अशी ही सोय. पण घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर पाकिटावर घटकांची यादी हवी. सॉफ्टवेअरच्या पाकिटावर बरीच वर्षे ती नव्हती.

लिनक्सची वाट वेगळी कशी?

घटक एकत्र आणण्याची दुसरीही एक रीत आहे. ‘डेबियन’ किंवा ‘फेडोरा’सारख्या लिनक्स वितरणांमध्ये एखाद्या घटकाची शक्यतो एकच प्रत ठेवतात आणि सगळे प्रोग्राम तीच वापरतात. त्रुटी सापडली, की ती एक प्रत बदलायची. तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्राम त्याच अद्ययावतीकरणात सुरक्षित होतात. कोणता घटक बसवला आहे, हे एका आज्ञेने कळते.

जावाचे मुक्तस्रोत घटक याच रीतीने बांधण्याचे प्रयत्न झाले. २००० नंतरच्या दशकात ‘जेपॅकेज’ नावाच्याच एका स्वयंसेवी प्रकल्पाने रेड हॅट पद्धतीच्या लिनक्ससाठी जावा घटकांची पद्धतशीर पॅकेजे तयार केली. वर उल्लेख केलेल्या साधनाशी त्याचे केवळ नाव जुळते. डेबियनचे स्वयंसेवकही हे काम करत आले आहेत. पण ते कष्टाचे आहे. प्रत्येक घटक मूळ कोडपासून पुन्हा बांधावा लागतो. एकाला जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, तर सगळ्यांना एका प्रतीवर आणण्यासाठी कोड बदलावा लागतो. शिवाय मेव्हनच्या कोठारात नव्या आवृत्त्या ज्या वेगाने येतात, तो वेग मोजक्या स्वयंसेवकांना गाठता येत नाही.

म्हणून व्यवहारात जावाचे बहुतेक जग ‘आपापला डबा आपल्याबरोबर’ या मार्गाने गेले. सामाईक प्रतीत दुरुस्ती सोपी, पण जुळवणी अवघड. बंद डब्यात जुळवणी सोपी, पण दुरुस्ती अवघड. दोन्ही रीतींना किंमत आहे. फरक एवढाच, की ती केव्हा आणि कोणाला चुकवावी लागते.

लॉगफोरजे शोधणे इतके जड का गेले?

ती किंमत डिसेंबर २०२१मध्ये वसूल झाली. लॉगफोरजेची जार एखाद्या घटकाच्या जारमध्ये, ती वॉर फाइलमध्ये, ती डॉकरच्या इमेजमध्ये, अशा तीन-चार आवरणांखाली असे. डिस्कवर फाइलच्या नावाने शोध घेतला, तर ती दिसत नसे. शेडिंग केलेल्या फाइलमध्ये तर ‘लॉगफोरजे’ नावाची वेगळी जार उरलेलीच नसे.

गुगलच्या पथकाने त्या वेळी मेव्हन सेंट्रलची पाहणी केली. ३५ हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे कोठारातील आठ टक्क्यांपेक्षा जास्त, या त्रुटीच्या छायेत होती. त्यांपैकी सुमारे सात हजारांनीच लॉगफोरजे थेट मागवले होते. बाकीच्यांकडे ते दुसऱ्याच्या मागून आले होते. ८० टक्क्यांहून अधिक पॅकेजेसमध्ये ते एकाहून अधिक पायऱ्या खाली होते. अशा वेळी सर्वात खालचा घटक दुरुस्त होऊन भागत नाही. मधल्या प्रत्येक घटकाच्या सांभाळकर्त्याने नवी आवृत्ती काढावी लागते, आणि मग वरच्या प्रोग्रामने पुन्हा बांधणी करून ती सर्व्हरवर पाठवावी लागते.

त्यातच दुरुस्तीही एका फेरीत संपली नाही. २.१५.० ही आवृत्ती अपुरी ठरली. १३ डिसेंबरला २.१६.० आली, त्या आठवड्याच्या अखेरीस २.१७.० आणि नाताळनंतर २.१७.१. प्रत्येक वेळी हजारो ठिकाणी बांधणी, चाचणी आणि बसवणे पुन्हा करावे लागले. ज्यांना हे लगेच शक्य नव्हते, त्यांच्यासाठी अपाचेने तात्पुरता उपाय सुचवला : जार उघडा, आतली जेएनडीआयची फाइल काढून टाका आणि जार पुन्हा बंद करा. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे काय? तिथे ग्राहकाला डबा उघडताही येत नव्हता. विक्रेत्याच्या पत्राची वाट पाहणे एवढेच हाती होते.

बेल्जियमच्या संरक्षण मंत्रालयाने त्याच महिन्यात या त्रुटीमार्फत हल्ला झाल्याचे मान्य केले. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२च्या अहवालात लॉगफोरशेलला ‘ठाण मांडून बसलेल्या’ त्रुटींमध्ये गणले आणि असुरक्षित प्रती दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ यंत्रणांमध्ये राहतील, असा इशारा दिला. अमेरिकेच्या एका केंद्रीय खात्याने यावर ३३ हजार तास खर्च केल्याचे त्याच अहवालात आहे. वर्षाला दोन हजार तास काम धरले, तर एका माणसाचे हे साडेसोळा वर्षांचे काम झाले.

हा धडा आधीही मिळाला होता?

होय. मार्च २०१७मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ या जावातीलच मुक्तस्रोत घटकात गंभीर त्रुटी सापडली आणि दुरुस्तीही लगेच आली. ‘इक्विफॅक्स’ या अमेरिकी पतमापन कंपनीने अंतर्गत सूचना काढली, तपासणीही केली. पण तक्रार निवारणाच्या एका जुन्या संकेतस्थळात तो घटक आहे, हे त्या तपासणीत सापडले नाही. मे महिन्यात हल्लेखोर तिथूनच आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. दुरुस्ती हाताशी होती. घटक कुठे आहे, हेच ठाऊक नव्हते.

‘घटकसूची’ने काय साधेल?

यावरचा उपाय म्हणून पुढे आलेली कल्पना म्हणजे सॉफ्टवेअरची घटकसूची. ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ हे तिचे रूढ नाव, लघुरूप ‘एसबॉम’. डब्यात कोणते घटक आहेत, कोणत्या आवृत्तीचे, कोणाचे, कोणत्या परवान्याखाली, हे संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक नमुन्यात लिहायचे. ‘एसपीडीएक्स’ आणि ‘सायक्लोनडीएक्स’ हे त्याचे दोन प्रमुख नमुने. ही सूची हाती असेल, तर ‘आपल्याकडे लॉगफोरजे आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर एका शोधात मिळते.

मे २०२१मध्ये, म्हणजे लॉगफोरशेलच्या आधीच, अमेरिकेच्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी खरेदीच्या संदर्भात अशा सूचीचा पुरस्कार केला. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये लागू झाला. त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७पासून अमलात येतील आणि उत्पादकांना घटकसूची तयार ठेवावी लागेल. भारतात ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४मधील सायबर सुरक्षा आराखड्यात भांडवल बाजारातील संस्थांसाठी एसबॉमचा समावेश केला. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्ट-इनने एसबॉमविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी व सार्वजनिक संस्थांबरोबरच सॉफ्टवेअर निर्यात आणि सेवा क्षेत्रातील कंपन्याही त्यांच्या कक्षेत आहेत. पुणे-मुंबईतून परदेशी ग्राहकांसाठी जावा प्रकल्प सांभाळणाऱ्या कंपन्यांचा संबंध येतो तो इथे.

पण सूचीलाही मर्यादा आहेत. ती बांधणीच्या वेळीच आपोआप तयार व्हायला हवी. कोणीतरी सवडीने एक्सेलमध्ये भरलेली यादी पुढच्याच बदलानंतर जुनी होते. शेडिंग केलेल्या घटकांची माहिती तिच्यातून निसटू शकते. शिवाय घटक असणे आणि त्याच्या त्रुटीचा धोका असणे यात फरक आहे. सदोष भाग तो प्रोग्राम वापरतच नसेल, तर घाई वेगळ्या प्रकारची. आणि सूची म्हणजे दुरुस्ती नव्हे.

डबा सोपा आणि उघडाही ठेवता येईल?

बऱ्याच अंशी येईल, आणि त्याची साधने आजही उपलब्ध आहेत. स्प्रिंग बूट आपल्या प्रत्येक आवृत्तीबरोबर एकमेकांशी तपासून जुळवलेल्या घटक-आवृत्त्यांची यादी देते. प्रकल्पाने तीच वापरली, तर वरची एक ओळ बदलून खालचे अनेक घटक एकदम पुढे नेता येतात. २०२०पासून स्प्रिंग बूटची जार डॉकरसाठी थरांमध्ये विभागता येते : बाहेरचे घटक एका थरात, स्वतःचा कोड दुसऱ्यात. मेव्हनची एक आज्ञा दिली, की कोणता घटक कोणामागून आला, हे झाडाच्या रूपात दिसते. ‘डिपेंडाबॉट’सारखी साधने नवी आवृत्ती आली, की बदलाचा प्रस्ताव आपणहून मांडतात. मेव्हन आणि ग्रेडलसाठी बांधणीसोबतच घटकसूची काढून देणारे जोडघटकही आहेत.

खरी कसोटी साधनांची नसून सवयीची आहे. जी संस्था दर आठवड्याला बांधणी, चाचणी आणि बसवणे हे चक्र आपोआप फिरवते, तिला संकटाच्या दिवशी एक ओळ बदलून तेच चक्र फिरवायचे असते. जिथे प्रोग्राम तीन वर्षांपूर्वी बसवला, बांधणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे धोरण आहे, तिथे दुरुस्त आवृत्ती फुकट मिळूनही उपयोग होत नाही. लॉगफोरजेच्या पहिल्या पिढीचा सांभाळ अपाचेने २०१५मध्येच अधिकृतरीत्या थांबवला. तरीही २०२१मध्ये ‘आमच्याकडे जुनीच आवृत्ती आहे, त्यामुळे आम्ही सुरक्षित’ असे म्हणणारे होतेच. त्या जुन्या आवृत्तीच्या स्वतःच्या त्रुटी होत्या आणि त्यांना दुरुस्ती मिळणार नव्हती.

या घटकांचा खर्च कोण उचलतो?

लॉगफोरजे सांभाळणारे लोक स्वयंसेवक. पोटासाठी नोकरी आणि उरलेल्या वेळात हे काम. त्रुटी जाहीर झाल्यावर त्यांनीच रात्री जागवून दुरुस्त्या काढल्या, आणि जगाचे बोलही त्यांनीच ऐकले. त्या घटकावर उभ्या असलेल्या बलाढ्य कंपन्यांनी तोवर त्यांच्या कामासाठी फारसे काही दिले नव्हते. जानेवारी २०२२मध्ये व्हाइट हाऊसने अपाचेसह मुक्तस्रोत संस्थांची आणि मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांची बैठक बोलावली. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ‘ओपन सोर्स सिक्युरिटी फाउंडेशन’चे काम वाढले. जर्मनीने सार्वजनिक निधीतून अशा पायाभूत घटकांना मदत सुरू केली; लॉगफोरजे हाही त्याचा एक लाभार्थी.

मुक्तस्रोत परवान्यांत एक कलम जवळपास सगळीकडे असते : हे सॉफ्टवेअर आहे तसे दिले आहे, कोणतीही हमी नाही. म्हणजे जो डबा बांधून ग्राहकाला देतो, जबाबदारी त्याची. तेव्हा सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या बँकेने, महापालिकेने किंवा रुग्णालयाने निविदेत तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आत कोणते घटक आहेत, याची यादी द्याल का? त्यातल्या एखाद्या घटकात त्रुटी निघाली, तर किती दिवसांत नवी बांधणी द्याल? आणि करार संपल्यावर हे काम कोण करील? लॉगफोरजे शोधायला तंत्रज्ञ त्या शनिवारी-रविवारी बसले, तेव्हा ज्यांच्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार होते, त्यांचे काम शोधापासून नव्हे, थेट दुरुस्तीपासून सुरू झाले.